ईडा बोर्बाने हात सोडले

सान एलिओ कॉलेजच्या फुटबॉल मैदानामागे एक बैठी इमारत आहे. तिच्यात एक खोली, खोलीत दोन अवाढव्य वॉशिंग मशिनं आणि मशिनांसमोर एक लांबलचक टेबल. मागचा अख्खा हंगाम ईडा बोर्बाने त्या टेबलाशी उभ्याने काढला. बाहेर बँड वाजायचा, शिट्ट्या घुमायच्या, सगळं गाव एका घशाने ओरडायचं, आणि आत ईडा टॉवेलांच्या घड्या घालायची. प्रत्येक नाटक कंपनीत असं एक माणूस असतंच. सगळ्यांची भाषणं त्याला तोंडपाठ, आणि रंगमंचावर मात्र त्याला कोणी बोलवत नाही. ईडाची गत तीच होती. आणि तिला तिथे पाठवलं होतं एका पोराच्या उत्तम अभिनयाने.

त्याचं असं झालं.

ईडा कॉलेजात शिकत होती ते खेळाडूंच्या दुखापती सांभाळायचं शास्त्र. वयाची पन्नाशी उलटलेली, वर्गातली बाकीची पोरं तिच्या मुलांच्या वयाची. हाडांची नावं, स्नायूंची नावं, घोटा कसा बांधायचा, गुडघा कुठे चाचपायचा, सगळ्यात ती पास होती. पण खऱ्या सामन्यात मैदानाच्या कडेला उभं राहायचं, तर ऑगस्टच्या शेवटी एक परीक्षा द्यावी लागते. इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि खांद्यांवर चिलखत चढवून एकमेकांवर आदळायचा, तेव्हा ही परीक्षा मानेची. एक विद्यार्थी मानेला मार बसलेला खेळाडू होऊन गवतावर पडतो. ज्याची परीक्षा तो त्याच्या डोक्याशी गुडघे टेकतो आणि दोन्ही हातांनी डोकं धरतो. बाकीचे तिघे त्याच्या हुकमाने पडलेल्याला फळीवर घेतात, पट्टे आवळतात, आणि सगळ्यात शेवटी डोकं बांधतात. नियम एकच. डोकं फळीला बांधून होईपर्यंत धरणाऱ्याने हात सोडायचे नाहीत. माशी बसो, नाकाला खाज सुटो, वर आभाळ फाटो. हात सुटले की नापास.

मागच्या वर्षी ईडापुढे जो पडला तो हाइग मेलकोनियान. विशीतला पोरगा, घरचे मनुक्यांचे मळे, आणि वर्गाचा नट. प्रत्येक पेशंटला एक चिठ्ठी मिळते, कुठे दुखतंय आणि काय म्हणायचं याची. हाइगच्या चिठ्ठीत होतं, मान दुखते, हातांना मुंग्या. एवढ्यावर त्याचं कसं भागणार? त्याने ओठ थरथरवले, डोळ्यांत पाणी आणलं, श्वास अडकवला आणि पुटपुटला, "मिस ईडा, मला माझे पाय सापडत नाहीयेत. माझ्या आजीला सांगा..."

ईडाचे हात सुटले. तिने त्याचे गाल धरले आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "नाटक बंद!"

हे वर्गाचं ठरलेलं बोलणं. सरावात कोणाला खरंच काही झालं, तर कोणीही ओरडायचं, नाटक बंद, आणि सगळ्यांनी थांबायचं. सगळे थांबले. हाइगने एक डोळा उघडला आणि विचारलं, "कसं झालं?"

अख्खा वर्ग गवतावर लोळला. हसल्या नाहीत त्या फक्त हॅस्केटबाई. डार्लीन हॅस्केट, खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्या कॉलेजच्या मुख्य ट्रेनर, केस बारीक कापलेले, कमरेला सदैव कात्री. त्या हळूच म्हणाल्या, "ईडा, हा खरा असता, तर त्याची मान आत्ता गेली असती. पुढच्या वर्षी ये. पण दोनदाच बसता येतं परीक्षेला, लक्षात ठेव."

"आजीला काय सांगायचं होतं रे मेल्या?" ईडाने नंतर त्याला विचारलं.

"हेच, की रात्री द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला सार्मा जास्त करून ठेव. भूक लागली होती."

तिला त्याचा राग धरता आला नाही. ती त्याला पाच वर्षांचा असल्यापासून ओळखत होती. वीस-बावीस वर्षं तिने या भागात शाळेची पिवळी बस चालवली होती, आणि हाइग तिच्या बसमध्ये चढायचा तो मळ्याच्या कोपऱ्यावर. गणिताची चाचणी असली, की त्याच्या पोटात दुखायचं. कळवळून, दुमडून, अगदी बघवणार नाही असा कण्हायचा. पण ईडा समोरच्या आरशात बघायची, आणि दर कण्हण्यामागे त्या पोराची नजर एकदा आरशाकडे यायची. ड्रायव्हरबाई बघतेय ना? बघत असेल तर अजून थोडं कण्हू. जातिवंत नट. प्रेक्षक कुठे बसलेत हे नट मरतानाही विसरत नाही.

बसचाच हा सगळा प्रताप. शनिवारी ती कॉलेजच्या टीमला बाहेरगावी सामन्याला न्यायची. सामना चालू असताना कुंपणाशी बस लावायची, लिंग्वीसा सॉसेज घातलेला पाव खायची आणि काचेतून बघायची. खेळ तिला फारसा कळत नसे. पण एकदा एक पोरगा पडला आणि उठेना. सगळं स्टेडियम उभं राहिलं, चिडीचूप. पोराचे पाय गवतावर आपटत होते. आणि एक जाडशी बाई खांद्याला पिशवी लावून बाहेर आली. पळत नाही, चालत. गुडघे टेकले, दोन्ही हातांत त्याचं डोकं घेतलं, वाकून काहीतरी बोलली, आणि ते पाय शांत झाले. ईडाच्या हातातला पाव हातातच राहिला. इतकी वर्षं ती पोरांना इकडून तिकडे पोचवत होती. हे काहीतरी निराळंच होतं.

बस परत निघायच्या वेळी तिने हॅस्केटबाईंना गाठलं. "त्याच्या कानात काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, मी डार्लीन, आणि मी कुठेही जात नाहीये."

त्या हिवाळ्यात ईडाने कॉलेजात नाव घातलं.

नवऱ्याने आधी तिला वेड्यात काढलं आणि मग स्वतःचे पाय पुढे केले. लिओनेल बोर्बा डेअरीत दूध काढतो, बापजाद्यांसारखाच. त्याचे बाप-आजे समुद्रापलीकडच्या असोरेस बेटांवरून गाईंच्या मागे इथे आले, आणि लिओनेलला गाय आणि बायको सोडून कशात गम्य नाही. ईडा रोज संध्याकाळी त्याच्या घोट्यांवर पांढरी पट्टी बांधायचा सराव करायची, आणि तो ती तशीच ठेवून पहाटे कामावर जायचा.

"गाई हसतात मला," तो म्हणायचा. "म्हणतात, लिओनेल, कुठला सामना आहे?"

"हसू देत. घट्ट आहे का सांग."

"पायाची बोटं निळी व्हायला लागली की घट्ट ना? मग बरोबर आहे."

या वर्षी परीक्षेच्या दिवशी सकाळी तो गोड पावाचा तुकडा कॉफीत बुडवून म्हणाला, "आज कोणाची मान मोडणार?"

"मोडणार नाही, धरणार."

"आणि पुन्हा तोच पोरगा आला तर?"

"येऊ दे. माझ्या मांडीवर त्याने प्राण सोडला, तरी आज मी हात सोडणार नाही."

"शाब्बास," लिओनेल म्हणाला. "पोरगा गेला तरी चालेल, मान सरळ पाहिजे."

दोघंही हसली. हसणं स्वस्त होतं तेव्हा.

ऑगस्टच्या शेवटी या खोऱ्यात ऊन असं असतं, की दुपारी कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायचा विचार पुढे ढकलतात. मळ्यांत द्राक्षं कागदांवर वाळत घातलेली, सगळ्या हवेला पाकाचा वास. हॅस्केटबाईंनी परीक्षा संध्याकाळी उशिरा ठेवली होती. मैदानाच्या कडेला, शेडखाली, बर्फाच्या पाण्याने भरलेला मोठा टब होता. इथे उन्हाळ्यात मैदानावर कोणी पाऊल टाकायच्या आधी तो टब भरावा लागतो, मग सामना असो, सराव असो, नाहीतर परीक्षा.

हाइग त्या दिवशी पूर्ण पोशाखात आला. हेल्मेट, खांद्यांचं चिलखत, लांब मोजे, सगळं. साधा शर्ट चालला असता. पण नटाला पोशाखाशिवाय भूमिका अंगात येत नाही. पाकू शाँग नावाच्या मुलीची परीक्षा झाली, तेव्हा पेशंट तोच. तिच्यानंतरच्या पोराच्या वेळीही तोच. हॅस्केटबाई म्हणाल्या, "आता बदल रे कोणीतरी."

"बाई, मिस ईडाची पाळी आहे. माझ्यामुळे गेलं होतं त्यांचं वर्ष. मीच पडणार, आणि नीट पडणार."

"पाणी प्यायलास?"

"बादलीभर."

"चिठ्ठीत आहे तेवढंच करायचं. एक अश्रू दिसला, तर तूच नापास."

"अश्रू नाही. आजीशपथ."

तो पडला. ईडाने गुडघे टेकले. हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना हात घातले, कोपरं मांड्यांवर टेकवली. हाइगने जाळीतून वर बघून डोळा मारला.

"या वेळी नाही फसवणार, मिस ईडा."

"गप पड. मान मोडलीय तुझी."

बाई वही घेऊन चार पावलांवर उभ्या राहिल्या. परीक्षा सुरू झाली की त्यांनी बोलायचं नाही, फक्त बघायचं. ईडाने पाकूला खांद्याशी बसवलं, दुसऱ्याला कमरेशी, तिसऱ्याला पायाशी. तिने हाइगला विचारायचं ते विचारलं, त्याने चिठ्ठीतलं सांगितलं. मान दुखते. हातांना मुंग्या. छान, शिस्तीत. मग ती म्हणाली, "माझ्या तीनवर कुशीला घ्यायचं," आणि चौघांनी त्याला असं वळवलं की जणू भाकरी उलटावी. फळी खाली आली. पुन्हा माझ्या तीनवर, आणि तो फळीवर. पाकूने छातीचा पट्टा उचलला.

"बस थांबवा," हाइग म्हणाला.

पाकू फिसकन हसली. "सुरू झालं याचं."

"मला उतरायचंय. बस थांबवा."

मागे उभ्या असलेल्या पोरांत खसखस पिकली. मिस ईडासाठी खास नवा प्रवेश लिहून आणलाय पठ्ठ्याने! कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

"थांबव म्हटलं ना, मूर्ख बाई!"

"ओऽऽ!" सगळा वर्ग एका सुरात.

"हाइग," हॅस्केटबाईंना राहवलं नाही, "चिठ्ठीत आहे तेवढंच!"

हाइगने ऐकलं नाही. तो उठू बघत होता. हात हवेत काहीतरी शोधत होते, आणि पाय फळीवरून घसरत होते. ईडाने डोकं घट्ट धरलं. बोटं हेल्मेटच्या आत गालाला लागली होती आणि तो गाल तापलेल्या तव्यासारखा होता. तिने वाकून जाळीतून आत पाहिलं. चेहरा लालबुंद, घामाने निथळणारा. ते काही विशेष नव्हतं, त्या उन्हात सगळ्यांचेच चेहरे तसे होते. पण डोळे. ती वाट बघत राहिली, आत्ता याची नजर येईल. आत्ता बाईंकडे जाईल, पोरांकडे जाईल, निदान माझ्याकडे तरी येईल, मी बघतेय ना म्हणून. नजर कुठेच आली नाही. तिच्यावरून, तिच्या आरपार गेली आणि आभाळात कुठेतरी हरवली.

त्या डोळ्यांत प्रेक्षक नव्हते.

आणि तरीही तिचे हात तिथेच राहिले. खोटं कशाला सांगा? एक वर्ष डोळ्यांसमोर आलं. ती खोली, ती मशिनं, बाहेरून येणारा बँडचा आवाज. दोनदाच बसता येतं. आत्ता हात सोडले आणि त्याने एक डोळा उघडून विचारलं, कसं झालं, तर संपलं. मग मैदान कुंपणापलीकडूनच बघायचं, उरलेलं सगळं आयुष्य. आणि पोरं काय हसतील! सगळे शांत उभे आहेत, बाईसुद्धा शांत आहेत. एवढ्या सगळ्यांना जे दिसत नाही ते मलाच कसं दिसणार?

"आजी, दार उघड," हाइग म्हणाला. त्याच्या घरच्या आर्मेनियन भाषेत म्हणाला. ईडाला ती भाषा येत नव्हती, पण त्या पोराची आजी रोज सकाळी बसपर्यंत यायची, तेव्हा आजी आणि दार एवढे दोन शब्द कानावरून गेलेले होते. ते ऐकायला आत्ता इथे कोण होतं? कोणाला समजणार होते?

ईडाने हात सोडले.

"नाटक बंद!"

मग मागून कोणीतरी हसत म्हणालं, "पुन्हा फसल्या!"

मग ईडाने तो आवाज काढला. साठ पोरांची भरलेली बस ज्या आवाजाने जागच्या जागी गार व्हायची, तो. "नाटक बंद म्हटलं ना! उचला! फळीसकट उचला, टबाकडे! पाकू, हेल्मेट काढ आधी!"

हॅस्केटबाईंचं मोठेपण हे, की त्यांनी का म्हणून विचारलं नाही. वही कुठे पडली त्यांनाही कळलं नाही. त्या पळाल्या. ईडाने त्यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं. कमरेची कात्री निघाली, चिलखताचे बंद सटासट कापले गेले. शेडखाली पोरांना त्यांनी पाठमोरं उभं केलं, हातात टॉवेल ताणून भिंत करायला लावली, आणि भिंतीआड तापमान घेतलं. काखेतलं नव्हे, तोंडातलंही नव्हे, आतलं, खरं, मागून जिथून घेतात तिथून. एकशे सहाच्या वर होतं. उष्माघात.

"टबात," बाई म्हणाल्या. "मानेपर्यंत. पाकू, अँब्युलन्स बोलव. ईडा, डोकं धर."

ईडा टबाच्या कडेशी गुडघ्यांवर बसली, त्याच्या काखांखालून टॉवेल घालून त्याला वर धरलं, आणि त्याचं डोकं स्वतःच्या खांद्याला टेकवून घेतलं. पाणी इतकं गार, की तिची बोटं पहिल्यांदा दुखली, मग जळली आणि मग तिची राहिलीच नाहीत. हाइग हातपाय झाडत होता, शिव्या देत होता. दोन्ही भाषांत देत होता. पोरं पाणी ढवळत होती, बर्फ ओतत होती. मघाशी टाळी वाजवणारा रडत होता आणि बर्फ ओतत होता.

अँब्युलन्स आली. तिच्यातला माणूस म्हणाला, "चला, घेऊ याला."

"गार झाल्यावर," हॅस्केटबाई म्हणाल्या.

"बाई, हॉस्पिटल..."

"आधी गार, मग प्रवास. उभा राहा, नाहीतर बर्फ ओत."

त्याने बर्फ ओतला.

ईडाला बोलत राहायचं होतं. त्याला जागं ठेवायचं होतं. पण सुचेल तर शपथ. बाईंसारखं एखादं छान वाक्य सुचेना. मग जे तोंडात आलं ते तिने म्हणायला सुरुवात केली. बसचे थांबे. "पहिला कॅनॉलचा पूल. मग पेट्रोल पंप. मग सिल्वेराच्या पोरी चढायच्या तो गोठा. मग जुनी डेअरी. मग चर्च. मग तुमचा मळा." संपले की पुन्हा पहिल्यापासून. पूल, पंप, गोठा, डेअरी, चर्च, मळा. शिव्या हळूहळू कमी झाल्या. हातपाय शांत झाले. तिच्या खांद्यावरचं डोकं जड झालं, पण तिचं तोंड थांबलं नाही. पूल, पंप, गोठा, डेअरी...

"चर्च आधी," खांद्यावरून बारीक आवाज आला.

"काय?"

"चर्च आधी येतं. मग डेअरी. इतकी वर्षं बस चालवलीत, मिस ईडा." त्याचे दात वाजत होते. "आणि मी भिजलोय का?"

पाकू मटकन खाली बसली. हॅस्केटबाईंनी टोपी काढून चेहरा पुसला, आणि बराच वेळ पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हाइग घरी आला होता. मागाहून सगळं बाहेर पडलं. पठ्ठ्या पहाटेपासून आजोबांबरोबर मळ्यात मनुका पलटत होता, तिथून थेट मैदानावर आला होता. बादलीभर पाणी ही शुद्ध थाप. रुग्णाच्या तोंडाला कोरड दिसावी, म्हणून त्याने मुद्दाम पाणी टाळलं होतं. भूमिकेची तयारी! आजीने ते ऐकल्यावर त्याला काय काय म्हटलं ते इथे न लिहिलेलं बरं.

संध्याकाळी त्याचा ईडाला फोन आला. आभार वगैरे मानून झाले. मग तो जरा घुटमळला.

"मिस ईडा, एक विचारू? ते तापमान. पाकू म्हणतेय की... म्हणजे, ते खरंच तिथूनच घेतलं?"

"तिथूनच."

"कोणी पाहिलं?"

"नाही रे. टॉवेलांची भिंत होती."

"हं. आणि टॉवेल कोणी धरले होते?"

"सगळ्या वर्गाने."

"देवा," हाइग म्हणाला आणि फोन ठेवला.

ईडा मात्र दोन दिवस झोपेत पट्टे आवळत होती. हॅस्केटबाई तिला शोधत आल्या, तेव्हा ती मैदानामागच्या त्या खोलीतच टॉवेलांच्या घड्या घालत होती. बाई आत आल्या, मशिनाला टेकून उभ्या राहिल्या.

"मी चार पावलांवर होते," त्या म्हणाल्या. "आणि मी त्याला काय ओरडले? चिठ्ठीत आहे तेवढंच कर. इतकी वर्षं हे काम करतेय मी, ईडा. त्या पोराने मला प्रेक्षक करून टाकलं होतं."

"मलाही, बाई. थोडा वेळ."

"तिसऱ्यांदा त्याला पडू दिलं ही माझी चूक. ती मी वर सांगितलीय." त्या मशिनापासून सरळ झाल्या. "आता तुझ्या परीक्षेचं."

ईडाने हातातला टॉवेल खाली ठेवला.

"तू हात सोडलेस."

"सोडले."

"डोकं बांधायच्या आधी."

"हो."

"सोडायलाच हवे होते. पण मग मान धरता येते का, हे मला दिसलंच नाही. तुला नापास करणार नाही, ते तर मी मेले तरी करणार नाही. आणि न बघता पासही करता येणार नाही. ही परीक्षा झालीच नाही असं धरू. सोमवारी सकाळी ये, ऊन चढायच्या आत."

घरी लिओनेल ताटावरून उठला. "पोराला मरणाच्या दारातून ओढून आणलंस, आणि पुन्हा परीक्षा? चल, मी येतो त्या बाईकडे! नाहीतर तू घाल चुलीत ते कॉलेज!"

"बस खाली. सूप गार होतंय."

"तुला राग कसा येत नाही गं?"

"आला होता. पार्किंगपर्यंत आला, मग गेला." ईडाने त्याच्या वाडग्यात अजून थोडं केलच्या पाल्याचं सूप वाढलं. "ती बरोबर बोलतेय रे. उद्या कोणाची खरी मान मोडली, तर त्याला काय सांगू? मला धरता येत नाही बाबा, पण एकदा एकाला मी टबात घातलं होतं?"

लिओनेलने चमचा उचलला. "माझी मान धरून कर सराव. पण जेवण झाल्यावर."

सोमवारी सकाळी मैदान ओलं होतं, आणि गवतावर पेशंट म्हणून आडव्या पडल्या होत्या खुद्द हॅस्केटबाई. साध्या शर्टात, न हेल्मेट न चिलखत. नवा नियम होता, पेशंटने एकदाच पडायचं. आणि बाईंना वाटलं, पहिली पाळी आपलीच असावी. परीक्षा घ्यायला शेजारच्या कॉलेजातून एक शांत गृहस्थ आले होते.

हाइगला उन्हात यायची बंदी होती. तो शेडखाली खुर्चीत बसला होता, आणि आजीने दिलेली पाण्याची बाटली त्याच्या मांडीत होती. पण नटाला खुर्चीत बसवलं, की तो टीकाकार होतो.

"आवाजात वेदना नाही, बाई! पुन्हा घ्या!"

हॅस्केटबाई शिक्षिका म्हणून पहिल्या प्रतीच्या, पण नटी म्हणून अगदीच बेताच्या. मान दुखते हे वाक्य त्यांनी दूधवाल्याला हिशेब सांगावा तसं सांगितलं. मग गालावर डास बसला आणि त्यांनी फट्कन मारला.

"मान मोडलेला माणूस डास मारत नाही!" शेडमधून आवाज आला.

"हाइग," बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "थर्मामीटर माझ्या पिशवीतच आहे."

शेडमधल्या टीकाकाराने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

ईडाने ते डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. हेल्मेट नसूनही ते चांगलंच जड लागत होतं, आणि केसांच्या मुळांशी थोडं ओलं. माझ्या तीनवर. कुशीला. माझ्या तीनवर. फळीवर. छातीचा पट्टा, कमरेचा, मांड्यांचा. सूर्य झाडांच्या वर आला आणि बाईंच्या डोळ्यांत शिरला. त्यांनी पापण्या आवळल्या. मान हलवायची नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. ईडाने हात केसभरही न हलवता अंग थोडं पुढे झुकवलं. तिची सावली बाईंच्या चेहऱ्यावर आली, आणि बाईंनी डोळे उघडले. खालून वर, उलट्या, त्या ईडाकडे बघत राहिल्या.

पाकूने कपाळावरचा पट्टा ओढला, मग हनुवटीचा.

"पुन्हा ओढ," ईडा म्हणाली.

"ओढला."

"अजून एकदा."

"मिस ईडा, आता बाईंच्या भुवया वर चालल्यात."

तेव्हा कुठे ईडाने एकेक बोट करून हात काढले. शांत गृहस्थांनी मान डोलावली, आपल्या कागदावर एक रेघ ओढली आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं. "छान."

"शनिवारी सामन्याच्या दोन तास आधी ये," फळीवरून हॅस्केटबाई म्हणाल्या. "पांढरा शर्ट घाल. घोटे बांधायला मुलं रांग लावतात, दमून जातेस की नाही बघ. बरं, आता सोडा मला."

कोणी हललं नाही. सगळे ईडाकडे बघत होते, कारण हुकूम अजून तिचाच होता. ईडाने वर सूर्याकडे पाहिलं, मग मैदानापलीकडच्या शेडकडे. ती बरीच लांब होती.

"इथे ऊन लागेल बाईंना," ती म्हणाली. "आधी सावलीत नेऊ, मग सोडू."

"ईडा! ईडा बोर्बा, मी सांगतेय, पट्टे सोड!"

"माझ्या तीनवर," ईडा म्हणाली, आणि चौघांनी फळीला हात घातले.